शांत दिवसाचं आधारचित्र

४ फेब्रुवारी

आज सूर्याच्या अकराव्या उद्रेकाच्या चित्रातही ती कमान सापडली. त्याच जागी, वरच्या डाव्या अंगाला. अकरापैकी अकरा. हा योगायोग नव्हे. दैनंदिनी लिहायची सवय मध्यंतरी सुटली होती, ती आजपासून पुन्हा धरतो. उद्या कोणी विचारलं, की हे तुम्हाला कधी आणि कसं दिसलं, तर आठवणीवर विसंबून बोलणाऱ्यांतला मी नाही.

म्हणून पद्धत एकदाच नीट लिहून ठेवतो. अवकाशात सूर्याकडे तोंड करून एक यान उभं आहे. त्याच्या कॅमेऱ्यात मधोमध एक चकती बसवली आहे. ती सूर्याचं झगझगीत बिंब झाकते, आणि मग भोवतीचं फिकट प्रभामंडळ दिसू लागतं. सूर्यावर उद्रेक झाला की तिथून एक ढग बाहेर फेकला जातो. ढग फार वेगात असेल तर त्याच्यापुढे धक्कालहर धावते, जोरात निघालेल्या होडीच्या नाकापुढे पाणी चढतं तशी. ती इतकी पुसट असते, की नुसत्या चित्रात दिसतच नाही. त्यासाठी वजाबाकी करायची. एका शांत दिवसाचं चित्र घ्यायचं, त्याला आधारचित्र म्हणतात, आणि ते उद्रेकाच्या चित्रातून वजा करायचं. दोन्हींत जे सारखं ते पुसलं जातं. जे नव्याने आलं ते पांढरं उमटतं, जे गेलं ते काळं.

ही चित्रं जगात कोणालाही फुकट मिळतात. बघायला डोळा लागतो. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही, पण आयुष्यभर फोटो-स्टुडिओ चालवला आहे. राखाडीच्या ज्या छटा लोकांना एकच वाटतात त्या मला वेगवेगळ्या दिसतात. गणित, संगणक, इंग्रजी, तिन्ही माझं मी शिकलो. फुशारकी म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो.

तर, मोठ्या उद्रेकाचा ढग अजून बाहेर पडायचा असतानाच तिथे एक काळी कमान असते. येणाऱ्या लहरीसाठी कोणी जागा रिकामी करून ठेवावी तशी. मी तिचं नाव ठेवलं आहे 'वाट पाहणारी कमान'. असं काही आजवर कोणी नोंदवलेलं नाही. मी शोधलं आहे.

६ फेब्रुवारी

मॅडमना चित्रं पाठवली. या मॅडम एका संशोधन संस्थेत आहेत आणि धक्कालहरी हाच त्यांचा विषय. त्यांच्या एका लेखात चित्राखालची वेळ चुकली होती, ती मी कळवली, तिथून ओळख. उत्तर दुपारीच आलं. "फार रोचक आहे. तपासून बघते. खरं निघालं तर उन्हाळ्यातल्या परिषदेत तुमच्या नावाने मांडू."

तुमच्या नावाने.

वाचलं, आणि ताईला सांगायला उठलो. मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं. ताई जाऊन वर्ष होत आलं, पण पायांना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

११ फेब्रुवारी

भाची आली होती. ताईची एकुलती एक. गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शिकाऊ माणसाशेजारी बसून त्याच्या चुका काढायच्या, याचा तिला पगार मिळतो. माझ्या घरी तेच काम बिनपगारी करते.

"मामा, दोन कप कशाला काढलेस?"

"एक धुवायचा होता."

"दोन्ही धुतलेले आहेत."

मी विषय बदलला. ती बदलू देणारी नाही, पण आज तिचाच विषय मोठा होता. महिनाभर तिची छाती मधूनच फडफडते. "आधी वाटलं, पोरं ब्रेक दाबतात त्याने होतंय. पण रविवारी घरी बसल्या बसल्या झालं. डॉक्टरकडे जाऊन आले."

"काय म्हणाला?"

"विचारत होता, घरात कोणाला हृदयाचं काही? म्हटलं, आई अचानक गेली. तर म्हणे, कशी अचानक? छातीत दुखत होतं का? घाम आला होता का? किती वेळ चाललं? दुखून, हळूहळू गेली असेल तर एक प्रकार. क्षणात गेली असेल तर दुसरा, आणि तो दुसरा पोरांत उतरतो. आता मी काय सांगू? मी नव्हते. तू होतास."

"शांतपणे गेली. सांगितलंय तुला."

"ते मला सांगितलंस. डॉक्टरला शांतपणे म्हणजे काय ते हवंय."

"शांतपणे म्हणजे शांतपणे. सकाळपासून जरा बरं वाटत नव्हतं तिला. दुपारी आडवी झाली. झोपेत गेली."

"आई दुपारी झोपली?"

"त्या दिवशी झोपली."

तिने माझ्याकडे बघितलं. मग मोबाइलवर टाइप केलं. मला उलटं दिसत होतं, तरी वाचलं. 'सकाळपासून अस्वस्थ. झोपेत.' "बरं झालं," ती म्हणाली. "म्हणजे पहिला प्रकार. निदान माझ्यापर्यंत यायचा नाही." आणि हसली. जाताना मागच्या खोलीत डोकावली, म्हणाली, ही खोली एकदा आवरायला हवी. मी म्हटलं, माझी काही घाई नाही.

लोक नेमकं उत्तर मागतात तेव्हा काहीतरी नेमकं बोलणं भाग पडतं. एरवी मी असं करत नाही.

१२ फेब्रुवारी

शिलाईमशीनचं चाक काल होतं तिथे नाही. मूठ वर होती, आज किंचित पुढे झुकली आहे. कारण उघड आहे: इमारतीची लिफ्ट मागच्या भिंतीला लागून आहे, ती थांबली की फरशी हादरते. खडूने खूण करून ठेवली.

१७ फेब्रुवारी

आज स्टुडिओ बंद, दिवसभर घरी. ऐकण्याचं काम केलं.

यानावर रेडिओही आहे. धक्कालहर पुढे सरकते तशी ती रेडिओचा आवाज करत जाते, आणि तो आवाज वरून खाली घसरत येतो. अर्थात कानांना तो तसा ऐकू येत नाही. आकड्यांचा आवाज करून घ्यावा लागतो. मी त्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. मोठ्या लहरीची शीळ घसरत येते, पतंगाची दोरी सुटल्यावर सरसरते तशी. हे काम कान पूर्ण झाकणारे जाड हेडफोन लावूनच करायचं, नाहीतर रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा सूर्याच्या नावावर जमा होतील.

अकराही उद्रेक ऐकले. मग तुलनेसाठी शांत दिवस लावला. ज्याचं आधारचित्र मी वापरतो तोच. त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण मी त्याच दिवशी, येईल तसं ऐकलं होतं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. फुसफुस, दुसरं काही नाही. म्हणून तर तो निवडला.

आज मात्र त्या फुसफुशीत एका ठिकाणी कोणी 'अरे' म्हटल्यासारखं वाटलं. ताई मला नावाने हाक मारत नसे. 'अरे' एवढंच. मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा तसंच. हेडफोन काढला तर घरात काहीच नाही. संगणक बंद केला आणि स्टुडिओत जाऊन बसलो, बंद असला तरी. काचेआड बसून रहदारी बघितली.

मेंदू कशातही ओळखीचं शोधतो, हे मी गिऱ्हाइकांना कित्येकदा समजावलं आहे.

२० फेब्रुवारी

एक गृहस्थ जुना कौटुंबिक फोटो घेऊन आले. त्यातला मेव्हणा काढून टाकायचा. का, ते विचारलं नाही, लोक सांगतातच. यांनीही सांगितलं, आणि मेव्हण्याची बाजू ऐकली असती तर मी यांना काढलं असतं. असो. काम सफाईदार केलं. मागची भिंत जुळवली, शेजारच्या बाईंचा झाकलेला खांदा नव्याने तयार केला.

गृहस्थांनी फोटो खिडकीपाशी धरला. "हा कोण?"

"कोण?"

"भिंतीवर."

मेव्हण्याची सावली राहिली होती. फ्लॅशची, फिकी, टोकदार खांद्याची. माझ्या हातून असं कधी झालेलं नाही. मी म्हटलं, उद्या या.

घरी येताना जिन्यात बराच वेळ थांबलो. दार बाहेरून पाहिलं की आतला दिवा लावलेला वाटतो. तो समोरच्या इमारतीचा उजेड असतो, फटीतून दिसणारा.

२३ फेब्रुवारी

मॅडमचा निरोप. एकच ओळ. "आधारचित्र कोणत्या दिवसाचं घेतलंत?"

लिहिलं, शांत दिवसाचं.

"हो, पण कोणत्या?"

हा प्रश्न शाळकरी मुलाला विचारतात. लिहिलं, गेल्या वर्षीच्या १९ मार्चचं.

"वर्षभर जुनं? इतकं जुनं कोणी वापरत नाही. कॅमेराही तोवर बदलतो."

मी सविस्तर उत्तर दिलं. आधार बदलत राहिलो तर दोन मापांची तुलना कशी करणार? मीटरची पट्टी रोज नवी घेतात का? त्या दिवशीच्या उद्रेकांच्या अधिकृत यादीत एक ओळसुद्धा नाही. आणि यादीवर विसंबलो नाही मी. तो पूर्ण दिवस स्वतः यंत्रापुढे बसून काढला आहे. चित्रं बघत होतो, रेडिओ ऐकत होतो. दिवसभरात काहीही घडलं नाही. त्याच्याइतका शांत दिवस माझ्या पाहण्यात नाही.

त्यांनी लिहिलं, "ठीक आहे. बघते."

२५ फेब्रुवारी

भाचीचा फोन. डॉक्टरने साध्या गोळ्या दिल्या आहेत. तिने 'झोपेत' सांगितल्यावर तो निश्चिंत झाला म्हणे. मोठ्या तपासण्या नंतर, घाई नाही.

"गोळ्या घेतेस ना वेळेवर?"

"घेते रे. मामा, १९ मार्चला आईला वर्ष होईल. त्या दिवशी मी येते राहायला. खोलीही आवरू. चालेल?"

"बघू," म्हटलं.

मशीनचं चाक खडूच्या खुणेवरच आहे. खोलीच्या दाराला मात्र बाहेरून कडी लावली आहे. वाऱ्याने आपटतं.

२७ फेब्रुवारी

जसंच्या तसं लिहून ठेवतो. मॅडमनी फोन केला.

"बसलात का?"

"मी उभ्यानेच बोलतो."

"तुमची कमान आधारचित्रात आहे."

"म्हणजे?"

"उद्रेकांच्या आधी ती कमान नाही. ती फक्त १९ मार्चच्या त्या एका चित्रात आहे, आणि तिथे ती पांढरी आहे. तुम्ही ते चित्र प्रत्येकातून वजा करता, म्हणून प्रत्येकात तिचं भोक राहतं. काळं. मी दुसरं आधारचित्र लावून बघितलं. अकराही स्वच्छ आले."

मी म्हटलं, त्या चित्रात काही असतं तर मला दिसलं असतं.

"नुसत्या चित्रात नाही दिसत, तुम्हीच तसं लिहिलंत. तेही वजाबाकी करूनच दिसलं. आदल्या दिवसाचं चित्र त्यातून वजा केलं तेव्हा."

"पण यादी बघा. त्या दिवशी उद्रेकच नाही."

"यादीत सूर्याची आपल्याकडची बाजू असते. हा उद्रेक पाठीमागे झाला. चांगला मोठा. लहर बिंबाच्या कडेवरून वर आली तेवढीच आपल्याला दिसली. रेडिओतही एक पुसट खूण आहे, अगदी खालच्या सुरात, क्षणभर."

"मी दिवसभर बघत होतो."

"तुम्ही समोरून बघत होतात. त्यात तुमची चूक नाही. मात्र एका दिवसाला शांत ठरवलंत आणि मग वर्षभर सगळं त्यातून मोजलंत, तिथे घोळ झाला."

"तो दिवस शांत होता."

"इतकं ठामपणे कसं म्हणता?"

"घरात काहीसुद्धा आवाज नव्हता."

हे मी का बोललो कळत नाही. पलीकडून त्यांनी विचारलं, "घराचा काय संबंध?"

मी फोन ठेवला.

२८ फेब्रुवारी

स्वतः तपासलं. दुसरा दिवस आधार धरला. पहिल्या उद्रेकातून कमान गेली. दुसऱ्यातून गेली. पाचव्यानंतर बघायचं कारण नव्हतं, तरी अकराही बघितले.

मग १९ मार्चच्या चित्रातून १८ चं वजा केलं. कमान आहे. पांढरी, पूर्ण, दोन्ही टोकांना कडेमागे उतरत गेलेली. कोणीतरी मागून येऊन खांद्यावरून डोकावत असावं तशी.

वर्षभर मी रोज हेच चित्र उघडत होतो.

२ मार्च

स्टुडिओत गेलो नाही. मॅडमचा निरोप आला आहे. त्यांनी लिहिलं आहे, की रागावू नका, चूक कामाची निघाली. सूर्याच्या दुसऱ्या अंगाला एक यान आहे, त्याने तो उद्रेक थेट समोरून टिपला असणार. दोन्ही यानांची चित्रं जुळवून त्या लहरीचा वेग काढला तर खरंच नवं काही हाती लागेल. "तो दिवस तुमच्याइतका कोणी पाहिलेला नाही. चित्रागणिक बघायला लागेल, सकाळपासून. कराल?"

नाही म्हणून कळवलं. कारण दिलं नाही.

मागच्या खोलीतून कापूर आणि मशीनच्या तेलाचा वास येतो. दार बंद असताना जास्त येतो. लाकूड दमट झालं असेल.

६ मार्च

भाची बेशुद्ध पडली. शिकवणी चालू असताना, गाडीत. शिकणारा मुलगा घाबरट, कोर्सभर ब्रेक उशिरा दाबत आला, आज नेमका वेळेवर दाबला. तिनेच सांगितलं, इस्पितळाच्या खाटेवरून. "म्हटलं नव्हतं, एक दिवस शिकेल." तोंड पांढरंफटक आणि तरी विनोद. ताईवर गेली आहे.

तिथले डॉक्टर राउंडला आले. हे वेगळे, तिच्या नेहमीच्या डॉक्टरपेक्षा वयाने मोठे. कागद वाचत म्हणाले, "आई झोपेत गेली. सकाळपासून अस्वस्थ होती. बरोबर?"

"मामा होता तिथे," भाची म्हणाली. "त्याला विचारा. तो सगळं नीट बघतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे मान वळवली. "अस्वस्थ म्हणजे काय होत होतं त्यांना?"

मी उत्तर तयार केलं. छातीत जडपणा, असं म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, "मला माहीत नाही."

"म्हणजे आठवत नाही?"

"माहीत नाही. मी बघितलं नाही. पुढच्या खोलीत संगणकावर होतो, दाराकडे पाठ करून. कानांवर हेडफोन होते. ती अस्वस्थ होती का माहीत नाही. हाक मारली का, तेही माहीत नाही. झोपेत नव्हती एवढं नक्की."

भाचीकडे बघायचं टाळलं. डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "तुम्हाला कधी कळलं?"

"अंधार पडला. घरात दिवा लागला नाही, म्हणून मागे वळलो."

"त्या कुठे होत्या?"

"शिलाईमशीनवर. स्टुलावर बसलेली. डोकं हातावर."

"खाली पडलेल्या नव्हत्या? नक्की?"

"नक्की."

"हात कुठे होते?"

यातलं मात्र मला सगळं माहीत होतं. इतकं कसं माहीत होतं, याचं मलाच नवल वाटलं. "डावा कापडावर, सुईच्या मागे, कापड ओढून धरतात तसा. उजवा चाकाच्या मुठीवर. डोकं डाव्या दंडावर. सुई खाली, कापडात. शिवण अर्धी. पाय दोन्ही पायडलवर. चष्मा डोळ्यांवर."

"चष्मा काढलेला नव्हता."

"नाही."

"पाण्याचा पेला वगैरे? बाम? काही घेतल्याची खूण?"

"काही नाही. टेबलावर कात्री आणि रीळ."

डॉक्टर भाचीला म्हणाले, "तुझ्या आईला सुई वर घ्यायलासुद्धा वेळ मिळालेला नाही. हा वेगळा प्रकार आहे. आज घरी जायचं नाहीस तू." आणि नर्सला कोणत्या तरी मोठ्या डॉक्टरला बोलवायला सांगितलं.

ते गेल्यावर भाची छताकडे बघत होती.

"झोपेत म्हणालास मला."

"म्हणालो."

"लोकांना मीच सांगत फिरले. झोपेत गेली, शांतपणे."

नर्सने येऊन तिच्या छातीला तारा लावल्या. पडद्यावर रेघ उमटू लागली. मी रेघेकडे बघत राहिलो. बघण्याजोगं दुसरं काही नव्हतं.

"कापड कोणतं होतं?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"निळं. पडद्याचं."

"मशीनवरून कोणी काढलं?"

"ते तसंच आहे."

"तसंच म्हणजे?"

"सुईखाली."

"वर्षभर?"

मी मान हलवली. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. तसंच भिंतीकडे बघत म्हणाली, "मामा, पाणी दे." दिलं.

८ मार्च

मोठ्या डॉक्टरांचं मत: ठोक्यांची लय बिघडते. आईकडून आलेलं असणार. छातीत कातडीखाली छोटं यंत्र बसवायचं. लय सुटली की ते आतून धक्का देतं आणि ठोका पुन्हा जागेवर आणतं. गोळ्यांवर आणखी थोडे दिवस काढले असते तर सांगता आलं नसतं, असं म्हणाले. ते हे सहज बोलले, पुढच्या खाटेकडे जाता जाता.

भाची म्हणाली, "धक्कालहर थेट छातीत. तुला आवडेल."

मला आवडलं नाही.

१० मार्च

यंत्र बसवलं. ठीक आहे. मला आत सोडलं तेव्हा झोपली होती. मी स्टुलावर बसलो. तिचा श्वास ऐकू येत होता. ती जागी होईपर्यंत तिथेच बसून होतो. नर्स दोनदा म्हणाली, की काका, बाहेर बसा, काही लागलं तर बोलावते. तिला म्हटलं, इथे बरं आहे.

घरी आल्यावर मॅडमना लिहिलं, १९ मार्चचं काम करतो.

१४ मार्च

सकाळच्या चित्रापासून सुरुवात केली. सूर्याच्या दुसऱ्या अंगाच्या यानाची चित्रं पहिल्यांदाच बघतो आहे. उद्रेक तिथे ढळढळीत दिसतो. मोठा पांढरा फुगा, आणि त्याच्यापुढे बारीक, ताणलेली धार: धक्कालहर. आमच्या बाजूच्या यानाची तेव्हाची चित्रं शेजारी ठेवली. काहीच नाही. स्वच्छ, शांत. एकाच सूर्याची एकाच वेळची दोन चित्रं.

मापनाच्या तक्त्यात प्रत्येक चित्रापुढे शेरा लिहायचा असतो. मी सवयीने 'शांत' लिहीत गेलो. मग खोडलं. त्याऐवजी लिहिलं, 'या बाजूने दिसत नाही.' लांबलचक होतं, पण बरोबर आहे.

दुपारच्या चित्रांपाशी आल्यावर काम जमेना. कमान कडेवरून वर येते ते चित्र उघडलं, बंद केलं. रेडिओची ती क्षणभराची खूणही तिथलीच. मॅडम म्हणतात ती लहरच आहे, आणि सूर खाली घसरतो हे मोजून दिसतं. मोजलं. घसरतो. लहरच आहे. तरी मी ती पुन्हा ऐकली नाही.

ताईने त्या वेळी हाक मारली असेल का, ते ठरवणं माझं काम नव्हे. ते या चित्रांत नाही. कुठल्याच चित्रात नाही. तक्त्यात तसा रकाना नाही.

१७ मार्च

भाचीला घरी सोडलं. माझ्याकडे. महिनाभर गाडी चालवायची नाही, उजवा हात फार उचलायचा नाही. तिला पुढची खोली देत होतो. तिने ऐकलं नाही. बॅग घेऊन सरळ मागे गेली, दाराची कडी बघितली. "ही कधी लावलीस?"

"वाऱ्याने दार आपटतं."

"या घरात वारा?" म्हणाली, आणि कडी काढली.

आत खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. बघायला गेलो. ती स्टुलावर बसली होती, मशीनपुढे. मी दोन पावलं पुढे झालो. पण ती नुसती शिवण बघत होती, खाली वाकून.

"टाका सरळ आहे," ती म्हणाली. "शेवटपर्यंत सरळ आहे."

"ती नेहमीच सरळ घालायची."

"हे कापड मी काढते आहे. चालेल ना?"

मी म्हटलं, काढ. तिने डाव्या हाताने चाक फिरवलं. सुई वर आली. कापडात वर्षभर रुतलेल्या सुईचं भोक गंजाने तांबूस झालं होतं, तेवढं राहिलं.

२१ मार्च

परवाचा दिवस गेला. काही केलं नाही. भाचीने ताईचे कपडे वेगळे केले, मी पेट्या धरल्या. तिने एकदाच विचारलं, "समज, आईने हाक मारली असती तर?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "तेच सांग मला नेहमी. दुसरं काही सांगू नकोस."

माझ्यासारख्या माणसाला हे कबूल करणं सोपं नाही. पण कबूल केलं.

२४ मार्च

मॅडमना कळवलं, की कमानीचा दावा मागे घेतो, परिषदेत मांडू नये. त्यांनी लिहिलं, की लहरीच्या कामावर दोघांची नावं येतील, आणि त्यात आधारचित्राची चूक कशी झाली तेही लिहिणं बरं, इतरांना उपयोगी पडेल. पूर्वी हे रात्रभर जड गेलं असतं. आज लगेच हो म्हटलं. वाक्य मात्र मी लिहीन, असं बजावलं. त्यांचं मराठी माझ्याइतकं नेमकं नाही, आणि इंग्रजीतही विरामचिन्हं त्या कुठेही टाकतात.

वाक्य तयार आहे: 'ज्या दिवसाला आम्ही शांत मानलं, त्या दिवशी आम्ही फक्त एका बाजूने बघत होतो.' 'आम्ही' लिहिलं आहे, रीत म्हणून. माणूस एकच होता.

आता दोन्ही यानांची चित्रं जुळली आहेत. लहरीची धार पाच चित्रांत बिनचूक पकडता येते. पाचही बिंदू आलेखावर मांडले. त्यांतून काढलेल्या रेघेचा चढ म्हणजे लहरीचा वेग. पहिल्या दोन बिंदूंवरून तो अपेक्षेपेक्षा बराच जास्त दिसतो. तसं असेल तर ही वर्षातली सगळ्यांत वेगवान लहर ठरेल, आणि ती आपल्या बाजूने कोणालाही दिसली नव्हती. आकडा काढायला आता फार तर

भाची मागच्या खोलीतून हाक मारते आहे. काय हवंय ते कळत नाही, नुसतं 'मामा'. वेग काढायचा राहिला. उठतो.